लांबडीचं छत

वाकोल्याच्या त्या चार मजली इमारतीत नंदकुमारांच्या गाडीला सगळे 'लांबडी' म्हणत. बाकीच्या गाड्या जिथे संपायच्या तिथून ही आणखी हातभर मागे जायची. तिला डिकी अशी नव्हतीच. मागचं दार वर उचललं की आत सरळ एक लांबलचक जागा, आणि मधली सीट पाडली की चक्क एक खोली. पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर तिची शेपटी कायम डोकावत असे आणि त्या शेपटीवरून सोसायटीच्या किती सभा गाजल्या त्याला गणती नाही. दर सभेत नंदकुमार शेवटी एकच बोलायचे, "बायकोला बसता येत नाही, झोपवूनच न्यावं लागतं. मग काय, गाडी कापू?" आणि सभा चहाकडे वळायची.

आता बायको नव्हती. सुनंदाबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. इमारतही राहणार नव्हती. बिल्डरशी करार झाला होता, दिवाळीच्या आत घरं रिकामी करायची होती. नंदकुमार जोगेश्वरीला, लेकीच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये भाड्याने जाणार होते. तिथे स्कूटर लावायची मारामार, लांबडीला कोण विचारतो? शिवाय तिचं पासिंगही संपत आलेलं. गाडी काढून टाकायची, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

हे सगळं त्यांच्या लेकीला, गंधालीला, कळत होतं. कळत असूनही आठवड्यातून दोन-तीनदा ती निहारला काखोटीला मारून दुपारी वाकोल्याला यायची. नवऱ्याला, अनिरुद्धला, सांगायची, "बाबांची आवराआवर करायला जाते." आवराआवर तासभर व्हायची. मग ती खाली यायची, लांबडीचं मागचं दार वर करायची, आणि आईच्या त्या जुन्या कापसाच्या गादीवर दोन वर्षांच्या लेकाला घेऊन आडवी व्हायची. घरी झोपायच्या नावाने आकाशपाताळ एक करणारं ते पोर इथे दोन मिनिटांत गपगार. गादीला अजून नारायण तेलाचा वास होता. तो वास त्याला का आवडावा? त्याने तर आजीला पाहिलंही नव्हतं.

आणि गंधाली वर बघत पडायची.

वर लांबडीचं छत होतं. म्हणजे छताला आतून लावलेलं राखाडी कापड. मुळात ते ताणून बसवलेलं असणार, पण गाडी नंदकुमारांकडे आली तीच सेकंडहँड, आणि दोन-तीन वर्षांत कापड जागोजागी सुटून फुग्यासारखं खाली लोंबायला लागलं. आणि त्या कापडावर आईच्या टिकल्या होत्या.

आरशाला, बाथरूमच्या टाइल्सना, कपाटाच्या दाराला टिकल्या चिकटवून ठेवणं कुठल्या घरात नसतं? सुनंदाबाईंना आरशापर्यंत उठून जाणं जमत नव्हतं, म्हणून त्यांनी छत धरलं. मणक्याचं दुखणं. बसल्या की पाठीत सुरी फिरल्यासारखी कळ. आडव्या पडून मात्र त्या कुठेही जायला तयार असत. गाडी सुरू झाली, घाम आला, कपाळ खाजलं, की टिकली काढायची आणि हात वर करून छताला लावायची.

"अहो, डाग पडतील तिथे," नंदकुमार पुढून ओरडायचे.

"डाग नाही पाडत. टाके घालतेय," आई म्हणायची. "तुमच्याच्याने हे छत या जन्मात तरी नीट होणार आहे का?"

खरंच, जिथे कापड सुटलं असेल नेमकी तिथे ती टिकली दाबून बसवायची. टिकलीने काय कापड धरतंय! पण दर फेरीला एक, असं करत करत तिथे केवढी गर्दी झाली. बहुतेक लाल-काळ्या, गोल. काही हिरव्या, लांबट. चुलतबहिणीच्या, माधुरीच्या लग्नातली एक खड्यांची. त्या लग्नाला बाबांनी मुलुंडच्या हॉलच्या दाराशी गाडी उलटी लावली होती आणि मागचं दार उघडून दिलं होतं. आई शालू नेसून आत पडलेली. अर्धं लग्न तिथेच जमलं. जिलब्यांची ताटं तिथे, बायकांचं खिदळणं तिथे. शेवटी नवरी मुंडावळ्यांसकट पाया पडायला आली, तर आई म्हणाली, "पाया काय पडतेस, ये, जरा पाठ टेक. उभी राहून राहून पाय मोडले असतील तुझे." आणि माधुरी खरंच आत शिरून तिच्या शेजारी आडवी झाली. फोटोग्राफर "मॅडम, मुहूर्त, मुहूर्त" करत बाहेर नाचत होता. जाताना नवरीने आपल्या कपाळाची टिकली काढून छताला लावली. "काकू, हा माझा टाका."

गंधालीच्या स्वतःच्या कपाळावर हल्ली टिकली नसे. निहार आठ महिन्यांचा असताना त्याने तिची टिकली उपटून तोंडात टाकली होती आणि ती बोटाने काढेपर्यंत तिच्या जिवाचं पाणी झालं होतं. तेव्हापासून टिकली बंद. बटणं, नाणी, रिमोटचे सेल, शेंगदाणे, सगळ्याची जागा माळ्यावर. झोपलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची सवय काही केल्या जात नव्हती. अनिरुद्ध चेष्टा करायचा, "अगं, घेतोय तो श्वास. तू घे आधी." कुणाला तरी विचारायला हवं होतं. पोर पोळी चावत नाही, नुसतं चोखतं, हे ठीक आहे का? झोपेत दचकतं, ते? डॉक्टरला एवढ्यातेवढ्याचं विचारता येत नाही. मोबाइलवर विचारलं तर भलभलती उत्तरं येतात. ज्या बाईने एका वाक्यात सांगितलं असतं, 'काही होत नाही गं, तूही अशीच होतीस,' ती नेमकी नव्हती. म्हणून गंधाली छताकडे बघत मनातल्या मनात विचारायची. छत काही बोलायचं नाही. पण विचारून बरं वाटायचं.

पहिला आला भंगारवाला. त्याने गाडीभोवती फेरीसुद्धा मारली नाही. लांबूनच वजनाचा अंदाज घेतल्यासारखं बघितलं आणि भाव सांगितला. तो ऐकून नंदकुमारांचे कान लाल झाले. "इंजिन ऐकून तरी घे!" ते म्हणाले. तो म्हणाला, "साहेब, इंजिन ऐकून काय करू? कापायचंच आहे."

मग आला यज्ञेश. पस्तिशीचा, डोक्यावर उलटी टोपी, हातात टॉर्च. सिनेमा-मालिकांच्या शूटिंगला जुन्या गाड्या पुरवायचा त्याचा धंदा. त्याने मात्र लांबडीभोवती प्रदक्षिणा घातली, पत्र्यावर ठिकठिकाणी बोटाने टकटक केलं, खाली वाकून पाहिलं, आणि इंजिन सुरू झाल्यावर डोळे मिटून ऐकलं. नंदकुमारांची छाती फुगली.

"काका, बाहेरून झकास. इंजिन तर एकदम बढिया." मग तो आत शिरला आणि आतूनच त्याचा आवाज आला. "पण आत वाट लागलीय ना!"

"वापरातली गाडी आहे. आत माणसं बसायची," नंदकुमार म्हणाले.

"दाराचे पॅनेल फुगलेत. मागच्या दाराचं काच खाली करायचं हँडल कुठंय? नाही? बरं. सीटचं रेक्झिन फाटलंय. तेलाचे डाग आहेत. इथे पत्र्याला भोक पाडून कडी कुणी लावली?"

"मी. तिला धरायला. खड्ड्यात धक्का बसायचा."

"आरसा बघा, खाली वाकून बसलाय, हलतच नाही. मागचा रस्ता दिसतच नाही यात, नुसती गादी दिसते. आणि हे छत!" त्याने टॉर्च वर मारला. "हे काय चिकटवलंय? टिकल्या? बाप रे, काका, हे तर सगळं काढावं लागणार."

गंधाली निहारला कडेवर घेऊन बाजूला उभी होती. "का काढावं लागणार?" तिने विचारलं.

"ताई, मालिका अठ्ठ्याण्णव सालातली आहे. हीरोच्या बापाने नवी कोरी गाडी घेतलीय, असा सीन. त्या साली ही नवी होती ना? मग नवीच दिसायला पाहिजे. आतून पूर्ण करून घेतली तर मी नेतो. नुसता एक सीन नाही हां, पुढे कितीतरी कामं मिळतील हिला. हिच्यासारखी गाडी आता आहे कुठे? सांभाळीन मी, काका. पण आत सगळं काढून नवं टाकायचं."

भंगारवाल्याच्या दुपटीहून बरीच वर किंमत त्याने सांगितली. नंदकुमार कागदपत्रं आणायला घाईघाईने वर गेले. जिन्यात त्यांची शीळ ऐकू येत होती. चार वर्षांत गंधालीने ती ऐकली नव्हती.

यज्ञेश फोटो काढत होता. गंधालीने निहारला दुसऱ्या कडेवर घेतलं. नवी कोरी. म्हणजे आई त्यात शिरायच्याही आधीची. ती पुढे झाली आणि आपल्याच कानांना परका वाटेल अशा शांत आवाजात म्हणाली, "एक सांगू का? बाबा नाही सांगायचे. सव्वीस जुलैला ही पाण्यात होती."

यज्ञेशचा मोबाइल खाली आला. मुंबईत गाडी घेणाऱ्याला त्या तारखेपुढे आणखी काही सांगावं लागत नाही. त्या पुराला इतकी वर्षं झाली तरी.

"पाण्यात म्हणजे? चाकं?"

"स्टिअरिंगपर्यंत," गंधाली म्हणाली. "दोन दिवस."

त्याने टॉर्च खाली जमिनीवर मारला. गादीच्या कडेला पत्र्यावर गंजाचा पट्टा होता. आईची गरम पाण्याची पिशवी तिथे नेहमी गळायची. "तरीच," यज्ञेश पुटपुटला.

दोन दिवसांनी ती वाकोल्याला गेली तेव्हा नंदकुमार भांड्यांच्या खोक्याला सुतळी बांधत होते. तिला बघून त्यांनी सुतळी इतक्या जोरात ओढली की ती तुटली.

"त्या यज्ञेशचा फोन आला होता. म्हणतो, काका, पाण्यात गेलेली गाडी आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत? मी! मी खोटं बोललो म्हणे!"

गंधाली निहारचे बूट काढत राहिली.

"ह्या गाडीत थेंब आला नव्हता त्या दिवशी. थेंब!" बाबा उभेच राहिले. ही गोष्ट ते कधी बसून सांगत नसत. "तुझ्या आईला मालिशवाल्याकडून घेतलं, तुला शाळेतून घेतलं, नाल्याचं पाणी रस्त्यावर चढताना बघितलं, आणि सरळ उलट्या बाजूने हायवेच्या पुलावर गाडी घातली. पोलीस ओरडतोय, मी थांबलो नाही. खाली गाड्या बुडत होत्या आणि आपण वर कोरडे. सकाळपर्यंत. दोन कॉलेजच्या पोरी आत घेतल्या, एक म्हातारबाबा घेतले, तुझ्या आईने पडल्या पडल्या सगळ्यांना चिवडा वाटला. आणि तू होतीस ना त्यात! आईच्या कुशीत घोरत पडली होतीस!"

"मी नव्हते घोरत."

"घोरत होतीस. त्या म्हातारबाबांनी सांगितलं. आणि आता कुणीतरी त्या पोराला सांगतंय की गाडी बुडाली होती. कोण ते? तो खालचा सेक्रेटरी असणार. त्याला शेपटी खुपायची."

"मी सांगितलं," गंधाली म्हणाली.

निहारला खोक्यातली झाकणं सापडली होती. तो झाकणावर झाकण आपटत होता.

"तू?"

"तो छत काढणार म्हणाला, बाबा."

"छत? अगं, कापड आहे ते. लोंबतंय. गाडी चालवताना माझ्या टकलाला लागतं."

"आईच्या टिकल्या आहेत तिथे."

"माहितीये मला टिकल्या आहेत त्या! पाकिटं कोण आणून द्यायचं? स्टेशनबाहेरच्या त्या बाईकडून? गोल द्या, मोठ्या नको, चंद्रकोर नको. सगळी भाषा शिकलो होतो मी." ते खोक्यावरच बसले. आवाज खाली आला. "गंधा, नाही घेतली त्याने तर काय होणार आहे? तो भंगारवाला नेणार कुर्ल्याला आणि कापणार. दार वेगळं, पत्रा वेगळा. मग तुझ्या टिकल्या कुठे राहणार आहेत? छत गेलं तर जाऊ दे, पण गाडी कुठेतरी चालती राहील ना. चालती राहू दे तिला." मग म्हणाले, "नाहीतर तू ठेव. ठेवतेस? आहे जागा?"

जागा नव्हती. बिल्डिंगमध्ये नव्हती, रस्त्यावर नव्हती. पासिंगला लागेल ते द्यायला अनिरुद्ध कदाचित हो म्हणाला असता, पण गाडी ठेवायची कुठे? खिशात?

तिने निहारला उचललं. तो डोळे चोळत होता. "ह्याला झोपवून येते," म्हणून ती खाली आली.

गादीवर टेकताक्षणी पोर झोपलं. उकडत होतं. मागचं दार उघडं होतंच, पण पुढूनही वारा यावा म्हणून ती ड्रायव्हरच्या बाजूने आत शिरली आणि काच खाली करून तशीच सीटवर टेकली. या सीटवर ती कधी बसलीच नव्हती. तिची जागा मागे, आईच्या शेजारी. समोर तो आरसा होता. यज्ञेश म्हणाला तसा, नाक खाली केलेला. तिने सरळ करायला हात लावला. नाही हलला. जोर लावला. नाही.

मग तिने आरशात पाहिलं.

मागची काच त्यात कुठेच नव्हती. रस्ता नाही, आभाळ नाही. होती ती फक्त गादी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणीतरी मापाने बसवून घेतल्यासारखी. आणि त्या गादीवर निहार. अस्ताव्यस्त केस, वर गेलेला सदरा, त्याखाली पोट. पोट वर-खाली होत होतं. श्वास बघायला बोट धरावं लागत नव्हतं. इथून सगळं दिसत होतं.

ती किती वेळ बघत बसली कुणास ठाऊक. खिडकीशी सावली आली तेव्हा भानावर आली. बाबा होते.

"तो नाही हलत आता," ते म्हणाले. "गंजला तसाच."

"मग मागचं बघायचात कसं?"

"बाहेरचे दोन आरसे आहेत की." त्यांनी खिडकीवर हात ठेवला. "आतला तिच्यासाठी. खड्ड्यात कळ आली तरी बोलायची नाही ना ती. नुसतं तोंड वाकडं करायची. बघावं लागायचं."

गंधालीने पुन्हा आरशात पाहिलं.

"आता कुणी नसतं, तरी बघितलं जातं," बाबा म्हणाले आणि बोनेटवर पडलेली बदामाची पानं उचलायला लागले. एकेक, सावकाश. सगळी उचलून झाली तरी तिथेच उभे राहिले.

चार वर्षं हा माणूस दर रविवारी गाडी फिरवून आणत होता. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायचा. दर रविवारी समोर ही रिकामी गादी. गंधालीला छत होतं. तिथे टिकल्या होत्या, तेलाचा वास होता, कुशीत पोर होतं. त्यांच्या आरशात काय होतं?

तिने पर्समधून मोबाइल काढला आणि त्यांच्यासमोरच यज्ञेशला फोन लावला.

"ताई, तुम्ही ॲक्टिंग करता का हो?" सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला. "मी पण किती फसलो! स्टिअरिंगपर्यंत म्हणे, दोन दिवस म्हणे!" पण तो धंद्यातला माणूस. आला, सीटखाली हात घालून चिखलाची रेघ शोधली, सीटबेल्टचे पट्टे शेवटपर्यंत खेचून बघितले, आणि कोरड्या धुळीने माखलेला हात नंदकुमारांपुढे धरला. "मानलं, काका. पाणी लागलेलं नाही." नंदकुमारांनी तो मळका हातच हातात घेऊन हलवला.

ठरलं ते असं की गाडी आधी जोगेश्वरीला दादूकडे न्यायची. दादू म्हणजे यज्ञेशचा नेहमीचा कुशनवाला, सीट आणि छत करणारा. तिथे नंदकुमारांनी स्वतः पोचवायची, कारण दुसऱ्या कुणाला चालवू द्यायला ते तयार नव्हते.

निघायच्या दिवशी गंधाली मागचं दार उघडून उभी राहिली. "मी मागे येते."

"बसायला सीट नाही तिथे."

"आडवी होऊन येते."

नंदकुमारांनी तिच्याकडे पाहिलं, मग कडेवरच्या नातवाकडे. एरवी रिक्षात बसतानाही पोराला दोन्ही हातांनी जखडून धरणारी ही मुलगी! "हळू घेतो," ते म्हणाले. प्रत्येक वेळी आईला म्हणायचे तसंच.

खरं तर हळू घ्यायची गरजच नव्हती. हायवेला लागले आणि विमानतळाच्या पुढे गाड्या थिजून उभ्या. निहार तिच्या दंडावर डोकं ठेवून पडला होता, तिचा दुसरा हात त्याच्या छातीवर, आणि हाताशी ती कडी. खालून इंजिनाची थरथर पाठीत शिरत होती. पोराने वर बोट केलं.

"टिक्की."

"हो. आजीच्या टिकल्या."

"टिक्की दे."

देऊ नये हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तिने त्याला दोन्ही हातांनी वर उचललं. त्याने नखाने कुरतडत एक लाल टिकली उपटली, मागे कापडाचं राखाडी तूस घेऊनच ती निघाली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तोंडात.

"थू कर! निहार, थू! आ कर, आ!"

"काय झालं?" पुढून बाबा.

"काही नाही! तुम्ही समोर बघा!"

ती बोट घालणार तोच त्याने स्वतःच टिकली जिभेवर आणून बाहेर काढली. ओली, चकचकीत. तिच्याकडे बारकाईने पाहिलं. चव आवडलेली दिसली नाही. मग तो तिच्या हातातून सुटून रांगत पुढे गेला, आजोबांच्या सीटला धरून उभा राहिला, आणि मानेखाली, पांढऱ्या शर्टावर, पूर्ण तळहाताने थाप मारली. थप्प.

"काय रे लबाडा!" आजोबा खूश.

निहार परत येऊन तिच्या कुशीत पडला. टिकली तिथेच राहिली. पडेल आत्ता, गंधालीला वाटलं. पडली नाही.

गाड्या हलल्या. अंधेरीच्या पुढे एक खड्डा असा आला की पाठीचा एकेक मणका वाजला. तिने ओठ दाबून तोंड वाकडं केलं. तोंडातून शब्द निघाला नव्हता. गाडीचा वेग मात्र उतरला. तिने डोळे वर केले, तर आरशात बाबांचे डोळे होते.

"अजून एक आहे पुढे," ते म्हणाले. "कडी धर."

दादूचं दुकान म्हणजे दोन गाळ्यांमधला अरुंद बोळ, वर ताडपत्री, आणि सगळीकडे रेक्झिनचे रोल. दादू मोठ्या आवाजाचा, तोंडात सुपारी. त्याने आत डोकं घातलं, छताच्या कडेची पट्टी उचकटली आणि कापड धरून खेचलं. एकाच दमात, फर्र करत, सगळं छत खाली आलं. कापडामागचा फोम कुजून बेसनासारखा पिवळा झाला होता, त्याचा लोट बाहेर आला. टिकल्या त्या घडीत कुठल्या कुठे गेल्या.

गंधालीने घरून एक कापडी पिशवी आणली होती. ती उघडून पुढे झाली.

"हे पाहिजे तुम्हाला?" दादूने विचारलं. "न्या की, मला काय! पण ताई, पोरगं आहे घरात. ही भुकटी फार वाईट. आम्हीच खोकून बेजार असतो."

तिने निहारला छातीशी धरून तोंड फिरवलं. तरी तो एकदा खोकला. एकदाच. तिने पिशवीची घडी घातली, आणखी लहान घडी घातली, आणि पर्समध्ये ठेवली. डोळे चुरचुरले. लोट अजून बसला नव्हता.

नंदकुमार तोवर कापडाच्या नमुन्यांवरून वाद घालत होते. "हा नको. हा फार पांढरा आहे. मूळचं जरा करडं होतं, ढगासारखं."

"काका, यज्ञेशशेठ बोललाय ना, नवं दिसलं पाहिजे."

"नवं असतानाच करडं होतं! तू बघितलं होतंस का? मग! आणि तो आरसा तेवढा सरळ करून घे. मागचं दिसायला पाहिजे माणसाला."

ते हातवारे करत, इकडून तिकडे फिरत बोलत होते, आणि दर वळणाला त्यांच्या पाठीवरची लाल टिकली दिसत होती. पांढऱ्या शर्टावर अगदी मधोमध, कपाळावर असावी तशी. शेवटी दादूच्याही नजरेत आली. "काका, तुमच्या मागे काहीतरी..." तो म्हणायला लागला. गंधालीने ओठांवर बोट ठेवलं. दादूने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या टिकलीकडे, आणि सुपारी दुसऱ्या गालात नेऊन गप्प बसला.

निघताना नंदकुमारांनी मागे वळून पाहिलं नाही. बोळातून बाहेर आले, रिक्षा थांबवली, आत शिरले आणि हुश्श करत मागे रेलणार, तोच गंधाली ओरडली, "बाबा, टेकू नका!"

"का?"

"सीट ओली आहे."

त्यांनी मागे हात नेऊन सीट चाचपली. ठणठणीत कोरडी. मग लेकीकडे पाहिलं.

"तुला पाण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही का गं?" ते म्हणाले.

पण टेकले नाहीत. घर येईपर्यंत, रिक्षाची पुढची दांडी धरून, ताठ बसून राहिले.